नकाशेवाला मेलाच कुठे होता

बाइंडरच्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी नौकेचा नववा भाग आला. जुळं आलं फेब्रुवारीत, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं मिळून एका धडधाकट बाळाच्या वजनाची; आणि पुस्तक आलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आठव्या भागानंतर बारा वर्षांनी. ‘नौका’ हे काही त्या पुस्तकांचं छापील नाव नव्हे. छापील नाव लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे. घर सोडून अंतराळात निघालेली नऊ माणसं, त्यांची एक जुनाट कुरकुरणारी नौका, आणि कुठेतरी पाय ठेवण्याजोगी जमीन सापडेल ह्या आशेवर चाललेला प्रवास, एवढीच गोष्ट. पण तिच्यावर दोन पिढ्या पोसल्या होत्या. बापाने वाचलेली प्रत मुलाकडे जायची, आणि बापलेकांचं कशावर पटलं नाही तरी नौकेवर पटायचं. निदान नववा भाग येईपर्यंत पटत होतं.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी बाइंडर लॉण्ड्रीवरच्या खोलीत गेला तेव्हा जिन्यातच त्याला भांडण ऐकू आलं. ही खोली लॉण्ड्रीवाल्याची. तोही नौकेचा वाचक, म्हणून महिन्यातून एकदा तो ती वाचकमंडळींना जमायला देत असे. खाली इस्त्र्या चालू असल्या की फरशीतून तळव्यांना ऊब लागायची आणि ओल्या कापडाचा वाफाळ वास वर यायचा. पुस्तकांवरून बोलताना हा वास नाकात असायचा, त्यामुळे बाइंडरला नौकेलाही असाच वास येत असेल असं वाटे. गेली दहा वर्षं तो इथे येत होता. बोलत फारसा नसे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता, आणि नौकेचे पहिले सात भाग त्याच्या हातांखालून गेले होते, एवढ्यावर त्याला तिथे मान होता. बावन्नाव्या वर्षी अक्षरओळख झाली हे त्याने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं नाही, सांगितलं नाही.

भांडण नकाशेवाल्यावरून चाललं होतं. नौकेवरच्या माणसांना पुस्तकात नावं नव्हतीच, कामावरून ओळख: कप्तानीण, यंत्रवाला, वैद्य, आचारी, आणि नकाशेवाला, जो वाट आखायचा आणि सगळ्यांत जास्त हसवायचा. नवव्या भागाच्या चौथ्या प्रकरणात नौकेच्या दारावर बाहेरून कुणीतरी टकटक करतं. बाहेर नुसता काळोख, मैलोन्‌मैल काही नाही, आणि टकटक. दार उघडतात तर नकाशेवाला. निवृत्त नर्सबाई म्हणत होत्या की त्या प्रकरणापाशी त्या ढसाढसा रडल्या आणि रडल्याची त्यांना लाज नाही. विमा कंपनीतल्या कारकुनाचा चेहरा आंबट झाला होता. त्याला मंडळी ‘पान नंबर’ म्हणत, कारण कोणतंही वाक्य तो पानासकट सांगे.

“चौथा भाग, पान दोनशे अकरा,” तो म्हणाला. “नौकेबाहेर पडला आणि कमरेचा दोर तुटला. नकाशेवाला गेला. बावीस वर्षं आपण त्याला रडलो. आता हे म्हणतात टकटक. तुटलेला दोर जोडणारा लेखक कोण?”

“लेखकच की,” न्हावी म्हणाला.

हशा पिकला, पण पान नंबर हसला नाही. त्याचा संशय वेगळाच होता. त्याचं म्हणणं, हा भाग त्यांनी लिहिलेलाच नाही. वय झालं, हात थरथरतो, प्रकाशकाने कुणा पोराकडून लिहवून घेतलं आणि वर नाव चिकटवलं. नाहीतर मेलेलं माणूस असं पेशंट तपासायला आल्यासारखं टकटक करून येतं का? नर्सबाई म्हणाल्या, तुम्हाला कुणी परत आलेलं बघवतच नाही, तुमचा धंदाच मेल्यावर पैसे देण्याचा. कॉलेजातल्या दोन मुली एकीकडे बसून, कप्तानीण आता कुणाशी लग्न करणार ह्यावर बोलत होत्या. लॉण्ड्रीवाला म्हणाला की त्याने पहिली पन्नास पानं वाचून पुस्तक ठेवून दिलंय, कारण त्याला भीती वाटते. कसली, ते त्याला सांगता येईना.

बाइंडर हे ऐकत होता आणि त्याला यातलं काही कळत नव्हतं. त्याने चौथं प्रकरण आठच दिवसांपूर्वी घरी मोठ्याने वाचलं होतं, आणि टकटक झाली तेव्हा त्याला आनंदच झाला होता, पण तो लांबच्या प्रवासाहून माणूस घरी आल्याचा आनंद. नकाशेवाला छोटी होडी घेऊन पुढची वाट पाहायला गेला होता. तो अधूनमधून निरोप पाठवायचा. उशीर झाला खरा, पण आला. त्यात रडण्यासारखं काय आणि फसवणुकीसारखं काय? त्याने घसा साफ केला, आणि दहा वर्षांत आपण होऊन बोलला नव्हता तसं बोलला.

“पण तो मेलाच कुठे होता?”

खोलीभर हसणं फुटलं. न्हाव्याने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, वा काका, एका वाक्यात निकाल लावलात. नर्सबाईंनी पान नंबरकडे जिंकल्यासारखं पाहिलं. सगळ्यांनी ते मार्मिक बोलणं म्हणून घेतलं: आपल्यासाठी तो कधी मेलाच नव्हता, असं काहीतरी. बाइंडरही कसनुसं हसला. पान नंबरने मात्र पिशवीतून आपला चौथा भाग काढला, दोनशे अकराव्या पानावर उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला. बोट न लावता वाचणं बाइंडरला अजून जड जाई. त्याने चष्मा पुसण्याचं निमित्त केलं, आणि ओठ न हलवता, सावकाश वाचलं. दोर तुटला. आवाज झाला नाही, कारण तिथे आवाजाला वाहून नेणारं काही नव्हतं. कप्तानीण खिडकीशी उभी राहिली, ठिपका दिसेनासा होईपर्यंत, आणि नंतरही.

तो घरी चालत निघाला. ऊन चढलं होतं. पहिला संशय त्याने प्रकाशकावर घेतला, कारण तो लांबचा होता. पान नंबरची प्रत दुसऱ्या आवृत्तीची होती. आवृत्ती बदलताना एखादा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा एक गठ्ठा, काढून नवा घालणं हे काही कठीण काम नाही. त्याने स्वतःच्या हातांनी असे फर्मे बदलले होते. प्रकाशकाच्या मनात आलं असेल, मारून टाकू, खप वाढेल. असं असलं तर पहिली, खरी गोष्ट आपल्याच घरी आहे. ह्या विचाराने त्याला चौकापर्यंत बरं वाटलं. चौकात लाल दिवा लागला, आणि तिथे उभं असताना त्याला आठवलं की आठ दिवसांपूर्वी तो टकटक वाचत होता तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि तिचे हात थांबले होते. कोण आलंय म्हणालात, असं तिने विचारलं होतं. नकाशेवाला, तो म्हणाला. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ नळ वाहत राहिल्याचा आवाज आला. तेव्हा त्याने त्यावर विचार केला नव्हता. माणूस पाण्याला गेला तर पाण्याचा आवाज येणारच.

घरी कुणी नव्हतं. बायको रोज दुपारी मुलीकडे जाई, जुळ्यांना न्हाऊमाखू घालायला, आणि पाचच्या पुढे परत येई. त्याने कपाटावरून चौथा भाग काढला. ही प्रत दुकानातली नव्हती. ज्या वर्षी कटिंग मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली, त्या वर्षी तो दोन महिने घरी पडून होता, आणि कारखान्याच्या फोरमनने चौथ्या भागाचे सुटे फर्मे त्याला घरी पाठवले होते, पुस्तक बाजारात यायच्याही आधी. बाइंडरला वाचता येत नाही हे त्याला माहीत होतं. वहिनी वाचून दाखवील, असा निरोप होता. आधीचे तीन भाग तिनेच वाचून दाखवले होते. तिने त्या सुट्या फर्म्यांवरूनच चौथाही वाचला, रोज दुपारी एकेक. हात बरा झाल्यावर त्याने ते फर्मे स्वतः शिवले, दाभण डाव्या हातात धरून. शिवण वाकडी आली होती. त्या वाकड्या शिवणीवरून त्याने अंगठा फिरवला आणि पान उघडलं. खालून तिसरी ओळ. दोर तुटला.

फर्मा तोच होता, कागद तोच, शाईसुद्धा तशीच एका कडेला फिकी. बदललं काही नव्हतं. त्याने बोट लावून पुन्हा वाचलं, आता ओठ हलवत, कारण बघायला कुणी नव्हतं. त्याच्या कानात मात्र दुसरंच वाजत होतं, बायकोच्या बावीस वर्षांपूर्वीच्या आवाजात: दोर ताणला, करकरला, पण तुटला नाही. जिथे आवाज होतच नाही तिथे दोर करकरेल कसा, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिने वाचलं होतं की नकाशेवाला आत आला, घाम पुसला, आणि दोन दिवसांनी छोटी होडी घेऊन पुढे गेला. पाचव्या आणि सहाव्या भागात त्याचे निरोप येत. त्यातला एक बाइंडरला पाठ होता. सगळ्या नौकेत त्याचं सगळ्यांत आवडतं वाक्य तेच. मुलगी लहानपणी झोपेना तेव्हा तो तिला ते सांगे. इथे दोन सूर्य आहेत, म्हणून सावल्याही दोन पडतात, आणि माणसाला एकटं वाटत नाही. त्याने पाचवा भाग काढला. सहावा काढला. तीन तास लागले. तो अजूनही एका पानाला चार-पाच मिनिटं घेई, म्हणून सगळं वाचणं शक्य नव्हतं. त्याने फक्त ‘नकाशेवाला’ हा शब्द शोधला. शब्दाचा आकार त्याला ओळखीच्या माणसाच्या चालीसारखा लांबून कळायचा. पाचव्यात तो चार वेळा सापडला. चारही वेळा त्याच्याआधी ‘आपला बिचारा’ किंवा ‘गेलेला’ असं होतं. सहाव्यात एकदाही नाही. दोन सूर्य कुठेच नव्हते.

एवढी वर्षं आपण हे पाहिलं कसं नाही, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर सोपं होतं. ऐकलेली गोष्ट पुन्हा वाचणं म्हणजे जेवून उठल्यावर पुन्हा ताटावर बसणं. अक्षर आल्यावर त्याने सातव्यापासून सुरुवात केली. सातव्याला वर्ष लागलं, आठव्याला आठ महिने. दोन्हींत नकाशेवाला नव्हता, तेव्हा तो बायकोकडे कुरकुरला होता की लेखक विसरला वाटतं त्याला. ती म्हणाली होती, येईल की. ताकास तूर लागू दिली नव्हती.

आणि तरीही, एवढ्यावर तो कदाचित हसला असता. बायकोने एक माणूस वाचवला, त्यात कुणाचं काय गेलं? पण ते सावल्यांचं वाक्य त्याच्या डोक्यातून हलेना. ते त्याने आणखी कुठेतरी ऐकलं होतं. तो पलंगावर बसून राहिला. पंखा फिरत होता, पाचव्या भागाची पानं आपोआप उलटत होती, आणि तो आठवत होता; आणि आठवलं तेव्हा त्याने तो भाग मिटला. धाकट्या भावाच्या पत्रात. बंदरावर दिवे इतके लागतात की चालताना माणसाच्या चार-चार सावल्या पडतात, आणि सोबत असल्यासारखं वाटतं.

भावाला त्याने शिकवलं होतं. बाप गेला तेव्हा एकानेच शाळेत जाता येईल एवढीच ऐपत होती, आणि बाइंडर नऊ वर्षांचा असताना पुस्तकं चिकटवायची खळ ढवळायला लागला, म्हणून धाकटा शिकला, आणि शिकून लांबच्या बंदरावर मालाच्या नोंदी ठेवायच्या नोकरीवर गेला. तिथून तो पत्रं पाठवी. ती बायको वाचून दाखवी, आणि बाइंडर सांगेल ते उत्तर ती लिहून घेई आणि पेटीत टाकून येई. पत्रं येतच होती, अगदी बाइंडर अक्षर शिकायला लागेपर्यंत. मग एक शेवटचं पत्र आलं, की आपण आणखी लांबच्या कामावर चाललो आहोत, तिथे टपाल जात नाही, नवा पत्ता कळवतो. तो काही कळवला नाही. चौदा वर्षं झाली. आपण लिहायला शिकलो हे भावाला स्वतःच्या अक्षरात कळवायचं, हे बाइंडरने पहिल्या दिवसापासून मनात धरलं होतं, पण पत्ता नव्हता. मुलीच्या लग्नात त्याने एक पत्रिका बाजूला काढून ठेवली आणि ती तशीच राहिली. त्या दिवसापासून त्याने भावाचं नाव टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, मोठा झाला, विसरला. मनात त्याहून पुष्कळ वाईट म्हणायचा.

आता त्याला वेगळंच दिसू लागलं. ज्या महिन्यात आपण अक्षरं गिरवायला लागलो त्याच महिन्यात भावाला टपाल न पोचणारी नोकरी लागते. शिकायचं म्हटलं तेव्हा बायको काय म्हणाली होती? ह्या वयात काय करायचंय शिकून. आणि दुसऱ्या दिवशी तिनेच पाटी आणली, त्याचं थोटं बोट धरून पहिलं अक्षर काढून घेतलं. तेव्हा ते त्याला प्रेम वाटलं होतं. आता त्यातही पाणी मुरताना दिसत होतं.

पत्र्याचा डबा कपाटाच्या खालच्या खणात होता, कुलूप नसलेला, मुलीच्या शाळेच्या कागदांखाली. वरच मुलीचं तिसरीचं प्रगतिपुस्तक होतं. बाई म्हणतात मुलगी हुशार आणि मनमिळाऊ आहे, असं बायकोने वाचलं होतं, आणि त्याने कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. त्याने वाचलं. मुलगी वर्गात फार बोलते, जागा बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. एरवी त्याला हसू आलं असतं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि पत्रं काढून पलंगावर मांडली, फर्मे लावतात तशी, ओळीने. पहिली अकरा भावाच्या हातची. ती त्याला वाचता येत नव्हती. छापील अक्षर त्याला येई, हाताचं नाही. भावाचं अक्षर तर पळत्या मुंग्यांसारखं, एकाचा पाय दुसऱ्यात. नर्सबाई डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतात, त्या हेही वाचतील, असं त्याच्या मनात आलं आणि लगेच लाज वाटली. हाताचं एकच अक्षर त्याला वाचता येई, बायकोचं, कारण तेच पाहून तो शिकला होता. बाराव्या पाकिटावर ते होतं.

पाकिटावर त्याचं स्वतःचं नाव होतं आणि ह्याच घराचा पत्ता. तेराव्यावरही तेच. पुढच्या सगळ्यांवर. शिक्का ह्याच गावच्या टपाल कचेरीचा. त्याने आतला कागद उघडला. प्रिय भावास, इकडे सगळं ठीक आहे, माझी तब्येत बरी आहे, पुतणीचा पुढचा दात पडला, ती तुला दाखवायला ठेवून देते म्हणाली पण तो हरवला. तू कधी येतोस. तो वाचत गेला, आणि मधेच त्याच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य आपल्याला माहीत आहे. हे सगळं त्याचंच होतं. त्याने सांगितलेली, तिने लिहून घेतलेली पत्रं. आठ वर्षांची, एकूण एक. ती पेटीत पडली होती, टपाल कचेरीत गेली होती, पोस्टमनने घंटी वाजवून त्याच्याच हातात आणून दिली होती, आणि त्याने ती बायकोकडे दिली होती, वाच म्हणून. आणि तिने त्याचंच पत्र समोर धरून भावाचं उत्तर वाचलं होतं. उत्तरं किती नेमकी येत. जे विचारलं त्याच क्रमाने. आपला भाऊ किती मन लावून वाचतो, असं तो म्हणायचा.

म्हणजे त्याचं एकही पत्र भावाला गेलं नव्हतं. तिकडे तो वाट पाहत बसला असेल. एक वर्ष, दोन वर्षं, मग त्यानेही नाव टाकलं असेल. बाइंडर उठून खिडकीशी गेला, परत आला. कारण शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. संशयाला एकदा दार उघडलं की तो आपला पाट आपणच घेऊन येतो. अपघाताच्या आधीच्या पत्रात भावाने लिहिलं होतं की बंदरावर पुस्तकं बांधायचा कारखाना निघतोय, तुम्ही सगळे इकडे या, दोन खोल्या बघून ठेवतो. बायकोला जायचं नव्हतं. तिची आई ह्या गावात होती. तेव्हा ती काही बोलली नव्हती, नुसती मान हलवली होती. मग तिने दोर कापला. गुपचूप, आवाज न होता. आणि वर आठ वर्षं भावाच्या तोंडी गोड गोड बोलली. पान नंबरसारखं एकेक पान पुढे टाकत त्याने आपला खटला उभा केला, आणि तो इतका पक्का झाला की त्याला कुठेतरी समाधानही वाटलं, जसं पुस्तक शिकंज्यात घट्ट बसल्यावर वाटतं. आपण जे भावाला चौदा वर्षं मनात बोललो ते आता कुणाला बोलायचं, हे ठरलं होतं.

ती सव्वापाचला आली. दारातूनच सांगत आली की धाकटीने आज अंगावर दूध काढलं आणि थोरल्याने तिच्याकडे बघून तेच केलं, जुळ्यांना अक्कल एकच दिलीय देवाने. मग तिने पलंग पाहिला. पिशवी खाली ठेवली, हात धुऊन आली, पदराला पुसले, आणि पलंगासमोरच्या स्टुलावर बसली. दचकली नाही, हे त्याला आणखी लागलं.

“तू माझी पत्रं टाकलीच नाहीस,” तो म्हणाला.

“टाकली. टाकली म्हणून तर परत आली.”

“माझ्याच पत्त्यावर?”

“दुसरा पत्ता नव्हता.”

“कसा नव्हता? बंदराचा होता. त्याने बोलावलं होतं आपल्याला. तुला आईला सोडून जायचं नव्हतं, एवढं तोंड उघडून सांगायचं होतंस. भावाभावांत सुरी कशाला घातलीस?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. “दिवसभर बसून एवढंच सापडलं तुम्हाला?” ती म्हणाली. “अहो, मी तर तेव्हा बोचकीसुद्धा बांधून ठेवली होती.”

“नकाशेवाला मेला होता,” तो म्हणाला. हे मधेच कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही. “पान दोनशे अकरा. तेही तू खोटं वाचलंस. तुझं काय खरं मानायचं मी?”

“हो, मेला होता. माझ्याच हातात मेला.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “एका दुपारी दोघांना मारायचं, ते मला झालं नाही.”

“दोघांना?”

 तिने जे सांगितलं ते भाजी निवडावी तसं, एकेक काडी बाजूला करत सांगितलं. त्या दुपारी बाराला पोस्टमन पत्र देऊन गेला. बंदरावरचं होतं, पण अक्षर अनोळखी. तिने ते चुलीपाशी उभ्याने वाचलं. आत बाइंडर हाताला पट्टी बांधून पडला होता, ताप उतरून दुसराच दिवस होता, आणि तो आतून हाका मारत होता की चल, आज नकाशेवाला बाहेर पडणार आहे. ती पत्र पोलक्यात खोचून आत गेली. जेवण झालं की सांगू, असं ठरवून तिने फर्मा उघडला, आणि तिथे दोर तुटला होता. समोर तो उशीला टेकून, तोंड उघडं ठेवून लहान पोरासारखा ऐकत होता. तिला वाटलं, निदान ह्याला तरी वाचवू. तो वाचला, आणि बाइंडर हसला, आणि त्या हसण्यावर पत्र काढणं तिला जमलं नाही. उद्या सांगू म्हणाली. उद्या त्याने भावाला पत्र सांगायला घेतलं. बोटं गेल्याचं त्याला कळवू नको, घाबरेल, असं तो म्हणाला. ती लिहीत गेली. मग ते पत्र टाकायचं कुठे? चार दिवसांनी तो विचारायला लागला, उत्तर आलं का. एकदा आलं म्हटल्यावर मग ते येतच राहिलं.

“तुम्ही शिकायचं काढलंत तेव्हा सुटले म्हटलं मी,” ती म्हणाली. “शेवटचं एक पत्र वाचलं आणि थांबले. डब्याला कुलूप नाही घातलं. म्हटलं आता अक्षर आलंय, आज उघडतील, उद्या उघडतील. चौदा वर्षं रोज कपाटाकडे बघून घराबाहेर पडलेय मी. तुम्ही आपले सातवा भाग, आठवा भाग. आणि त्याला शिव्या. मला त्या ऐकवायच्या नाहीत, पण सांगायचंही धाडस होईना. त्या दिवशी तुम्ही टकटक वाचलंत, तर मला वाटलं तोच आलाय दारात, मला विचारायला.”

बाइंडरला काहीतरी बोलायचं होतं. बोलायचं ते रागाचं होतं की दुसरं, हे त्याला ठरवता येईना. भावाला चौदा वर्षं दिलेल्या शिव्या सगळ्या एकदम परत आल्या, पत्ता चुकलेल्या पाकिटांसारख्या, आणि त्या ठेवायला घरात जागा नव्हती. त्याला एवढंच सुचलं, की लग्नाच्या पत्रिकेवर आपण भावाचं नाव स्वतःच्या अक्षरात घातलं होतं, आणि तिने ते पाहिलं होतं, आणि शाई वाळेपर्यंत शेजारी उभी होती.

ती उठली. तिच्या ट्रंकेतून, साड्यांच्या तळातून, तिने एक कागद आणला. घडीवर तो फाटायला आला होता. तो बरेच वेळा उघडला गेला होता. बाइंडरने तो हातात घेतला. अक्षर जाड, बसकं, कुणा साध्या माणसाचं, पण हाताचंच. वर तारखेचे आकडे तेवढे त्याला लागले. खालच्या ओळी त्याच्या डोळ्यांपुढे एकमेकींत गुंतत होत्या. त्याने तो तिच्याकडे परत दिला.

“वाच,” तो म्हणाला.

“मी वाचलेलं खरं मानाल?”

 तो स्टुलाजवळ सरकला, आणि ती वाचायला लागली तशी त्याने तिने शिकवल्याप्रमाणे शब्दाखाली बोट धरलं, थोटं, आणि तिच्या आवाजामागून ते ओळीओळीने नेत राहिला. काही शब्द त्याला मधेच ओळखू आले. जे ओळखू आले ते तिने वाचले तेच होते.

बंदरावर भावाच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याचं ते पत्र होतं. बाइंडरचा धाकटा भाऊ तिथल्या दवाखान्यात तापाने वारला. मुलीचा पुढचा दात पडला त्या वर्षी, सप्टेंबरच्या चार तारखेला, मंगळवारी पहाटे.